दुसऱ्याची साक्ष

आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा मी ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते. आत सासूबाई टीव्ही बघत होत्या, आवाज बंद करून. माझा नवरा मे महिन्यात गेला, तेव्हापासून त्या टीव्ही तसाच बघतात. मी कधी आवाज वाढवला नाही आणि का बंद केला तेही विचारलं नाही.

"ताई, एक काम होतं," पाळकसाहेब खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "जानेवारीत अमेरिकेहून कॉलेजची मुलं येताहेत. त्यांचे एक सर सोबत आहेत. आपल्या मंडळीत, मग चाळीसगावला, साक्रीकडे, धुळ्याला अशी फिरणार. मुलं उपदेश करतील, साक्ष देतील. भाषांतराला कोणीतरी हवं."

त्यांनी पुढचं वाक्य बोलायचं टाळलं. दरवर्षी असे पाहुणे यायचे आणि दरवर्षी भाषांतर माझा नवरा करायचा. तो पाइपांच्या कंपनीत सुपरवायझर होता. इंग्रजी त्याचं माझ्यापेक्षा कच्चं, पण मंचावर उभा राहिला की लोक पाहुण्याकडे न बघता त्याच्याकडेच बघायचे. पाहुणा एक वाक्य बोलला की हा तीन बोलायचा. पाहुण्याने त्याच्या देशातल्या बर्फाची गोष्ट सांगितली की हा त्यात जळगावचं ऊन घालायचा आणि मंडळी हसायची. पाहुणाही हसायचा, आपल्याच बोलण्याला हसले असं समजून.

"मी शाळेत इंग्रजी शिकवते," मी म्हटलं. "मंचावर कधी बोललेली नाही."

"जमेल तुम्हाला. आणि जरा बाहेर पडणं होईल."

हो म्हणायला एक शब्द लागत होता. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी हो म्हटलं आणि वाटाणे सोलत राहिले. तो गेल्यापासून बरीच कामं मी अशीच स्वीकारली होती. शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी स्नेहसंमेलन माझ्याकडे दिलं, तेही मी घेतलं. दुःख होतंय असं म्हणावं तर तसं काही होत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, वर्गात गेलं की खडू हातात घ्यायचा. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर कळत नाही, तसे ते महिने होते. लोक यायचे, माझा हात हातात धरून बसायचे. मी त्यांना चहा करून द्यायचे. तो गेला त्या दिवशीही मी रडले नव्हते, आणि नंतरही नाही. आमच्या मंडळीत काही बायकांनी त्याचा अर्थ विश्वास असा लावला. पाळकीणबाईंनी तर एका रविवारी सगळ्यांसमोर तसं सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं.

मुलं जळगाव स्टेशनवर उतरली तेव्हा थंडी होती आणि ती अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती. दोन मुलगे, दोन मुली. त्यातल्या एकाकडे गिटार होतं. सर पन्नाशीचे, सतत हसणारे, सगळ्यांना हात जोडून "जय ख्रिस्त" म्हणायचं कोणीतरी शिकवून ठेवलेले. दोन मुलींपैकी एक खूप उंच होती, नाकावर आणि गालांवर ठिपके, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय. तिने मला विचारलं, "तुम्ही आमचा आवाज होणार ना?" हे कोणीतरी तिला प्रशिक्षणात शिकवलेलं असावं. मी हो म्हटलं.

पहिल्या रविवारी आमच्याच मंडळीत उपासना होती. गिटारवाल्या मुलाने उपदेश केला. त्याने कसलासा त्यांच्याकडचा खेळ घेतला, त्यात चेंडू मारून सगळ्या खुणांना पाय लावत धावून परत घरी यायचं असतं. ती गोष्ट तो फार जीव लावून सांगत होता, मंचावर थोडा धावलासुद्धा. माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे त्याचं क्रिकेट करून टाकलं असतं, आपल्या गल्लीतल्या एखाद्या पोराला त्यात धावबाद केलं असतं. मी म्हटलं, "तिकडे एक खेळ आहे. त्यात खेळाडू धावतो आणि परत येतो." मुलगा माझ्याकडे बघत थांबला. त्याला वाटलं असावं, इतकंच?

मग उंच मुलीची साक्ष झाली, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते तिने सांगितलं.

तिचा मोठा भाऊ गाडीच्या अपघातात गेला होता. बर्फावर गाडी घसरली. पोलीस दारात आले तेव्हा घरात ती एकटीच होती आणि आईला तिनेच सांगितलं. मग ती देवावर रागावली. प्रार्थना करायचं तिने सोडून दिलं. मग एके दिवशी अचानक तिच्या मनात शांती आली, आणि आज ती आनंदी आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांचं कोणी गेलं असेल त्यांनाही ही शांती मिळू शकते. असं ते होतं.

भाषांतरात "ती म्हणते" असं म्हणायचं नसतं. माझा नवरा हे मला पूर्वी सांगायचा. पाहुणा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं, नाहीतर मध्ये भिंत उभी राहते. म्हणून मी म्हटलं, "माझा भाऊ गेला. मी देवावर रागावले. आज मी आनंदी आहे." मंडळीत पुढच्या दोन बाकांवरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मुलीचा आवाजही दोन ठिकाणी भरून आला. माझा नाही आला. उपासना संपल्यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, शब्द सगळे बरोबर होते. पण भाऊंची मजा काही वेगळी होती." माझ्या नवऱ्याला मंडळीत सगळे भाऊच म्हणायचे. मी म्हटलं, "हो ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही क्रूझर गाडीने चाळीसगावला गेलो. गाडी चालवणारे चाचा दरवर्षीचेच. मुलांचं सामान टपावर बांधताना ते मला म्हणाले, "भाभी, भाऊ असते तर आतापर्यंत या पोरांना अहिराणी शिकवून झाली असती." मग त्यांनी दोरीची गाठ उगाचच दोनदा आवळली.

चाळीसगावची मंडळी लहान. रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं, त्यांच्या सुना, दोन शिक्षिका. मुलगी परत उभी राहिली आणि परत तीच साक्ष सांगितली. तोच क्रम, तेच शब्द. जळगावला बर्फाच्या ठिकाणी तिने डोळे मिटले होते आणि आईच्या ठिकाणी आवाज भरून आला होता. तिथेही तो तसाच, त्याच शब्दावर भरून आला. माझ्या ते लक्षात आलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मीही पाठ झाल्यासारखं म्हणून गेले. एकदा तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं सुरू झालं.

दुपारी एका घरी भरताचं जेवण होतं. शेतात काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. सरांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट खाल्लं आणि छान छान म्हणत राहिले. मुलीने ताटातलं भरीत भाकरीखाली लपवलं. घरच्या बाईंनी ते बघितलं आणि तिच्या पुढ्यात दही ठेवलं. मुलगी लाजली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "यांना सांगा, मला खूप आवडलं." मी बाईंना सांगितलं, "तिला तिखट लागतंय, दही दिलंत ते बरं केलंत."

तिसऱ्या दिवशी साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात जायचं होतं. पाळकसाहेबांनी गाडीत सगळ्यांना बजावलं की कार्यक्रम फक्त मंडळीच्या आत, बाहेर कुठे बोलायचं नाही, वाटायचं काही नाही, फोटो काढायचे नाहीत. गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवलेलं होतं. मुलं गंभीर झाली. गिटारवाला मुलगा विचारत होता की धोका आहे का. पाळकसाहेब म्हणाले, "धोका नाही. तुम्ही जाल, आम्ही इथेच राहतो. एवढंच लक्षात ठेवायचं." हे मी इंग्रजीत सांगितलं. मुलांनी माना हलवल्या आणि खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या बघायला लागली.

चर्च म्हणजे विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. आत सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. दुपारची वेळ होती आणि पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. तिथले पाळक तरुण होते. सकाळी शेतात कांद्याला पाणी देऊन आले होते, हाताच्या नखांत माती होती. त्यांनी सांगितलं, "ताई, मराठी बोला, चालतं. म्हाताऱ्या माणसांना थोडं कमी समजेल. मी नंतर सांगेन त्यांना."

मुलगी उभी राहिली. मी तिच्या शेजारी. तिने सुरू केलं की माझा भाऊ माझा सगळ्यात जवळचा मित्र होता. मी ते म्हटलं. तिने सांगितलं की तो निरोप न घेता गेला.

मी म्हटलं, "माझा नवरा निरोप न घेता गेला."

आपण चुकलो हे मला कळलं. पण थांबता आलं नाही. मी पुढे म्हणाले, "दुपारी जेवला. जरा पडतो म्हणाला. पंखा वाढव म्हणाला. मी पंखा वाढवला आणि भांडी घासायला गेले. भांडी झाल्यावर चहा टाकला, हाक मारली. उठला नाही. परत मारली. चहा गाळून ठेवला होता, त्यावर साय आली."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचं एक वाक्य एवढं लांब कसं झालं, हे तिला कळेना. मी गप्प झाल्यावर तिला वाटलं, आता आपली पाळी. ती पुढचं बोलली, पोलीस दारात आले ते. मी तेही भाषांतर केलं. शेवटपर्यंत केलं. शांती आली, आज मी आनंदी आहे, तुम्हालाही मिळू शकते. माझा आवाज तसाच होता. आपला आवाज तसाच आहे, हे ऐकत मी बोलत होते.

मंडळीला काय समजलं कोण जाणे. नवरा आणि पोलीस आणि बर्फ. आमचे पाळकसाहेब भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. तरुण पाळक उठले आणि त्यांनी नुसतं "आमेन" म्हटलं आणि टाळी धरून गाणं सुरू केलं.

उपासना संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे पाहुण्यांशी हात मिळवायला आले. पुरुष मुलांकडे आणि सरांकडे गेले. बायका मात्र मुलीच्या पुढून निघून माझ्याकडे आल्या. एक एक करून. कोणी हात धरला, कोणी डोक्यावरून हात फिरवला. मुलगी हात पुढे करून उभी होती, तो तिने हळूच खाली घेतला.

एक म्हातारी बाई खाली बसली आणि मलाही हाताला धरून खाली बसवलं. अक्का म्हणत होते तिला सगळे. ती अहिराणीत बोलली, "माय, तुना मालक गया?"

"हो अक्का."

"कव्हय?"

"मे महिन्यात."

तिने विचारलं, नीट जेवतेस का. मी म्हटलं जेवते. झोप येते का. म्हटलं येते. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "मंग काय येत नही?"

मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "रडू येत नाही."

"येई," ती म्हणाली. "नही उनं तरी चालस."

नाही आलं तरी चालतं. असं म्हणून तिने माझ्या गुडघ्यावर थापटलं, त्याच गुडघ्याचा आधार घेऊन उठली आणि ताटं मांडायला गेली. मला तेव्हा रडू आलं असतं तर सांगायला बरं झालं असतं. आलं नाही. फक्त गुडघ्यावर तिने भार दिला होता ती जागा दुखत राहिली, कारण बाई दिसत होती त्यापेक्षा जड होती.

जेवायला नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि भात होता. चर्चच्या मागे आंब्याखाली पंगत बसली. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली.

"मी काही चुकीचं बोलले का?" तिने इंग्रजीत विचारलं. "सगळ्या तुमच्याकडे का आल्या?"

मी तिला सांगितलं. तुझ्या भावाच्या जागी मी माझा नवरा सांगितला. तो मे महिन्यात गेला. मुद्दाम नाही केलं, तोंडातून गेलं. मी माफी मागितली, मास्तरीण मागते तशी, नीट वाक्यात.

ती भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून तसाच धरून बसली. मग तिचे कान लाल झाले. "तो माझा भाऊ होता," ती म्हणाली. "तुम्ही त्याला काढून टाकलं."

"हो."

"तुम्ही मला विचारायचं तरी."

"हो," मी परत म्हटलं. तिचं बरोबर होतं.

आम्ही जेवत राहिलो. वाढणाऱ्या बाईने तिच्या पानात आणखी भात वाढला. तिने तो खाल्ला. मग ती म्हणाली, या वेळी माझ्याकडे नीट बघून, "खरं सांगू? मलाही काही वाटत नाही. पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये ही साक्ष सांगितली तेव्हा मी खूप रडले होते. सर म्हणाले, लोकांना यातून बळ मिळतं, प्रवासातही सांग. मग मी घरी आरशासमोर सराव केला. आता ती एक गोष्ट झाली आहे. कुठे रडायचं ते मला माहीत आहे. कधी कधी तर तो दुसऱ्याच कोणाचा भाऊ होता असं वाटतं."

"चाळीसगावला माझ्या लक्षात आलं होतं," मी म्हटलं.

"मग काही बोलला का नाहीत?"

"मला काही वाटलं नाही म्हणून."

ती एकदम हसली, मोठ्याने, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सर पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून आमच्याकडे बघून प्रेमाने हसले. त्यांना वाटलं असेल, दोघींची मैत्री झाली. मैत्री होती का ते मला सांगता येणार नाही. दोन माणसं एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेली असतात, तेवढं होतं.

मग तिने विचारलं, "तुमचा नवरा कसा होता?"

मी विचार केला. चांगला होता, एवढंच तोंडावर आलं. लोकांना मी तेच सांगत आले होते. "तो भाषांतर करताना खोटं बोलायचा," मी म्हटलं. "पाहुणे कंटाळवाणं बोलले की हा आपलंच काहीतरी घुसडायचा. एकदा एका पाहुण्याने अर्धा तास पापावर उपदेश केला आणि याने मंडळीला अर्धा तास केळीच्या बागेवरून सगळं समजावलं. पाहुणा खूश, मंडळीही खूश. घरी येऊन त्याने मला सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते."

"माझा भाऊ नाश्त्याला वाटीत दूध ओतून मग त्यात कॉर्नफ्लेक्स टाकायचा," ती म्हणाली. "आधी दूध. कोणी तसं करत नाही. मग ते सांडायचं, आणि पुसायचा नाही."

आम्ही हात धुतले. निघताना अक्काने माझ्या पिशवीत शेंगा घातल्या आणि मुलीच्याही ओंजळीत घातल्या.

संध्याकाळी धुळ्याच्या मंडळीत कार्यक्रम होता. ती मोठी मंडळी, पंखे, माइक, खुर्च्या. सुरू व्हायच्या आधी सरांनी मुलीला बाजूला घेतलं. मी जवळच उभी होते. ते म्हणाले, "इथे जास्त लोक आहेत. तू सांगतेस तशीच सांग. फार सुंदर सांगतेस." मुलगी म्हणाली, ठीक आहे.

ती माइकसमोर उभी राहिली. मी शेजारी दुसरा माइक धरून उभी. मग ती म्हणाली, "मला एक भाऊ होता." मी म्हटलं, मला एक भाऊ होता. "तो आधी दूध ओतायचा." मी तेही म्हटलं. ती सांगत गेली. त्याला गाडी नीट चालवता यायची नाही आणि आईने त्याला त्या दिवशी बाहेर जाऊ नको असं सांगितलं होतं. तो माझ्या मैत्रिणींची टिंगल करायचा, मला त्याचा राग यायचा. त्याची खोली अजून तशीच आहे आणि आम्ही तिचं दार उघडत नाही. मला त्याच्याबद्दल आता काय वाटतं ते मला कळत नाही. एवढंच मला सांगायचं होतं.

मी एकही शब्द वगळला नाही आणि एकही घातला नाही. दूध, खोली, दार. तिचा आवाज कुठेच भरून आला नाही. शांती आली असंही ती म्हणाली नाही. साक्षीचा शेवट ज्या ठिकाणी येतो तिथे ती नुसती थांबली आणि खाली बसली.

मंडळीला टाळ्या वाजवाव्यात की आमेन म्हणावं ते कळेना. मागे एका लहान बाळाने रडायला सुरुवात केली आणि त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं. सर पटकन उठले, घसा साफ केला आणि लांबलचक प्रार्थना केली. त्यात त्यांनी शांती, आनंद आणि विजय हे सगळे शब्द घेतले. त्याचंही भाषांतर मी केलं.

परतीच्या वाटेवर पारोळा गेल्यावर सरांनी पुढच्या सीटवरून मागे वळून मला विचारलं, "आज लोकांना ते समजलं असेल का?"

"ती जे म्हणाली ते मी सांगितलं," मी म्हटलं.

"हो, ते खरंच. मला फक्त तिची काळजी वाटते." त्यांचा आवाज खरा होता. त्यांना काळजी वाटत होती. पण ती काळजी तिला बोलून दाखवावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि मलाही कळलं नाही. मुलगी खिडकीला डोकं लावून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

दोन दिवसांनी मुलं मुंबईच्या गाडीने निघून गेली. स्टेशनवर मंडळीतल्या बायकांनी हार घातले. मुलीने मला मिठी मारली. ती इतकी उंच की माझं तोंड तिच्या खांद्याच्याही खाली आलं. तिने विचारलं, मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का. मी म्हटलं, कर. तिने विचारलं, काय मागू. मला काही सुचलं नाही, म्हणून मी म्हटलं, तुला सुचेल ते. ती म्हणाली, मलाही सुचत नाहीये. मग गाडीने भोंगा दिला आणि ती चढली.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा स्वतःहून काही विचारलं. "कसं झालं तुझं ते बोलणं?"

मी त्यांना साक्रीकडचं सांगितलं. भावाच्या जागी नवरा म्हणाले ते. पंखा, भांडी, चहा, सगळं. तो गेला त्या दिवशी त्या नंदुरबारला त्यांच्या बहिणीकडे होत्या. त्यांनी हे कोणाकडूनही नीट ऐकलेलं नव्हतं, कारण मी कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या टीव्हीकडे बघत ऐकत राहिल्या. बंद आवाजात तिथे कोणीतरी स्वयंपाक करून दाखवत होतं.

"पंखा वाढव म्हणाला होता?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"लहानपणापासून त्याला गरम फार व्हायचं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "काय जेवला होता?"

"वरणभात. कैरीची चटणी."

त्यांनी मान हलवली. मी उठून कपडे बदलले आणि कुकर लावला.

मार्चमध्ये त्या उंच मुलीचा फोनवर मेसेज आला. तिने सरांना सांगून टाकलं की ती आता साक्ष देणार नाही. सर चिडले नाहीत. आईलाही तिने सांगितलं की आपण ती खोली उघडूया. आई नाही म्हणाली. तिने पुढे लिहिलं होतं की ती वाट बघणार आहे. मी उत्तर दिलं की बरं केलंस. पाळकसाहेबांनी मध्यंतरी विचारलं की पुढच्या वर्षीही भाषांतर कराल ना. मी हो म्हटलं. या वेळी कारण शोधायचा कंटाळा नव्हता. करेन असं वाटलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी भाजी फोडणीला टाकली आणि गॅस संपला. आमच्या घरी सिलिंडर बदलायचं काम त्याचं होतं. तो गेल्यावर शेजारचे येऊन बदलून द्यायचे, पण त्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी स्वयंपाकघरात परत आले तर सासूबाई भरलेल्या सिलिंडरच्या शेजारी खाली बसल्या होत्या आणि त्याच्या तोंडावर बसवलेली पांढरी टोपी तशीच धरून रडत होत्या. आवाज करून, तोंड उघडं टाकून. एवढ्या महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडत होत्या आणि माझे डोळे कोरडे होते, आणि त्यांनी त्याबद्दल मला काही म्हटलं नाही.

त्या थांबल्यावर मी विचारलं, "आई, ही टोपी कशी काढायची असते, तुम्ही बघितलंय का त्याला काढताना?"

"ती दोरी ओढायची," त्या नाक पुसत म्हणाल्या. "मग रेग्युलेटर दाबून बसवायचा. आवाज आला पाहिजे."

पहिल्यांदा तो नीट बसला नाही आणि गॅसचा वास सुटला. त्यांनी घाईने खिडकी उघडली. दुसऱ्यांदा बसला. मी थोडा वेळ थांबून शेगडी पेटवली आणि अर्धी कच्ची राहिलेली भाजी परत वर ठेवली.